मातीचे घर : हातांनी शिकावयाची विद्या

(हुबळी येथील देशपांडे नगरात मराठी भाषिक रहिवासी, शिक्षक व आसपासच्या गावांतील ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नाही. कलाशाखेतून बाहेर पडलेला आणि शासनाच्या प्रसिद्धीच्या कामात रमलेला मी एक लेखणीचा माणूस आहे. घरबांधणीच्या योजनांची माहितीपत्रके मी वर्षानुवर्षे लिहीत आलो. त्या पत्रकांत 'कच्चे घर' आणि 'पक्के घर' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याची गणती नाही. कच्चे म्हणजे मातीचे आणि पक्के म्हणजे सिमेंटचे, हे समीकरण माझ्या मनात इतके घट्ट बसले होते की, मातीच्या भिंतीला एकदा हात लावून पाहावा असेसुद्धा मला कधी वाटले नाही.

तो हात लावण्याचा प्रसंग आला तो येथून जवळच. कलघटगीच्या वाटेवर एका शेतात मातीच्या बांधकामाचे आठ दिवसांचे निवासी शिबिर भरले होते. चंदगड आणि गडहिंग्लजकडील काही मंडळी त्यात दाखल झाली होती, म्हणून त्याचा वृत्तांत लिहावयास मी गेलो. वही आणि पेन घेऊन झाडाखाली बसावे, चार प्रश्न विचारावेत आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे, असा माझा बेत होता. शिबिरप्रमुखांनी माझी वही हळूच बाजूला ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे बघून लिहिण्यासारखे नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडा." मी आठही दिवस राहिलो. आज जे सांगणार आहे, ते त्या आठ दिवसांत पायांनी आणि हातांनी शिकलेले आहे. त्याला नंतर पुस्तकांचा आधार मी शोधला.

माझ्यापुढच्या टेबलावर दोन पत्रावळी ठेवल्या आहेत. एकीवर काळ्या मातीच्या सहा गोळ्या आहेत, दुसरीवर तांबड्या मातीच्या सहा. काळी माती हुबळीच्या पूर्वेकडील रानातली आहे, तांबडी धारवाडच्या पश्चिमेकडील. त्यांचे काय करावयाचे, ते बोलण्याच्या ओघात येईल.

मातीचे घर ही काही नवी टूम नव्हे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे त्यांना सापडली. बसक्या मातीच्या भिंती, त्यांवर कुडाचे काम, चोपून केलेली जमीन आणि वर गवताचे छप्पर, असा त्यांचा थाट होता. महाराष्ट्रात आणि या सीमाभागात लोखंडाचा नांगर येण्यापूर्वीपासून लोक मातीत राहत आले आहेत. आपल्या बोलीतही ही गोष्ट मुरलेली आहे. गावाच्या वस्तीला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. पिकासाठी काळी माती, राहण्यासाठी पांढरी, हा विवेक पूर्वजांनी दोन शब्दांत बांधून ठेवला. जुन्या गढ्या आठवा. खाली दगडी जोते आणि वर पांढऱ्या मातीचे प्रचंड बुरूज. कित्येक गढ्यांचे छप्पर, दरवाजे, लाकूडफाटा सारे गेले, मालक गेले, वतने गेली, तरी पांढरीचा ढिगारा उन्हापावसात उभा आहे. लोक तो पोखरून शेतात खत म्हणून नेतात, ही गोष्ट निराळी.

जुने आहे म्हणून ते चांगले, असा माझा दावा नाही. मातीच्या घराविषयी लोकांच्या मनात जी भीती आहे ती खोटी नाही, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांपुढे ती या क्षणीही उभी असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या तत्कालीन जिल्ह्यांत जवळजवळ ८,००० माणसे दगावली. ती झोपेत, स्वतःच्या घरांखाली दडपली गेली. त्या दिवसापासून मराठवाड्यात माती आणि मरण हे शब्द जोडीने उच्चारले जाऊ लागले. परंतु ती घरे नेमकी कशी होती, हे शांतपणे पाहिले पाहिजे. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती गोल दगडांच्या होत्या. आत आणि बाहेर असे दोन थर, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड बहुधा नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीची नवी भर पडे. पिढ्यानुपिढ्या भर पडत गेली आणि छपराचे ओझे वाढत गेले. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ते सारे ओझे खाली आले. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांच्या खणांवर होता, त्यांतील पुष्कळ घरांच्या भिंती ढासळल्या, पण खण उभे राहिले आणि माणसे वाचली.

आता दुसरे उदाहरण घ्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये त्याहून मोठा भूकंप झाला. तेथील 'भुंगा' नावाची गोल, मातीच्या भिंतींची आणि शंकूसारख्या हलक्या छपराची घरे पुष्कळ ठिकाणी तरली, आणि शहरातल्या सिमेंटच्या कित्येक इमारती मात्र कोसळल्या. माती दोन्हीकडे होती. फरक आकाराचा, छपराच्या वजनाचा आणि बांधणाऱ्याच्या समजुतीचा होता. योगायोग असा की, ज्या १९९३ साली किल्लारी घडले, त्याच साली भारतीय मानक संस्थेने मातीच्या इमारती भूकंपाला टिकाव्यात यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले. आय. एस. १३८२७ हा त्याचा क्रमांक. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठपटीपेक्षा अधिक नसावी, दोन आडव्या भिंतींमधील अंतर जाडीच्या दहापटीपेक्षा अधिक नसावे, दरवाजे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर असाव्यात, दरवाजाच्या माथ्यावर आणि छपराखाली सबंध घराभोवती लाकडाचा किंवा तशाच वस्तूचा अखंड पट्टा फिरवावा, असे साधे नियम त्यात आहेत. म्हणजे ज्या शासनाच्या अर्जांत मातीची भिंत 'कच्ची' म्हणून नोंदली जाते, त्याच देशाच्या मानकात ती नीट कशी बांधावी हेही लिहिलेले आहे. दोन्ही कागद माझ्या कपाटात अनेक वर्षे शेजारी शेजारी होते, हे मी येथे संकोचाने नमूद करतो.

आता गोळ्यांकडे वळू. शिबिराचा पहिला दिवस मातीची ओळख करून घेण्यात गेला. त्याच मानकात सांगितलेली ही कसोटी आहे. माती थोडी ओली करून सुपारीएवढ्या, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्या वळावयाच्या. ४८ तास वाळू द्यावयाच्या. मग प्रत्येक गोळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चिरडण्याचा प्रयत्न करावयाचा. एकही फुटली नाही तर मातीत चिकणमातीचा अंश पुरेसा आहे असे समजावे. एखादी जरी फुटली तरी ती माती भिंतीला अपुरी. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, दोन बोटे पुरतात.

आमच्या शिबिरात काळ्या मातीच्या गोळ्या दगडासारख्या झाल्या, कोणालाच फुटेनात. एक तरुण अभियंता आनंदाने म्हणाला, "मग हीच सर्वांत चांगली!" शिबिरप्रमुख काही बोलले नाहीत. त्यांनी हातभर लांबीच्या अरुंद लाकडी पेट्यांत दोन्ही मातींचा चिखल काठोकाठ भरून सावलीत ठेवला. चौथ्या दिवशी पाहिले तो तांबडी माती पेटीच्या टोकापासून किंचितच सुटली होती. काळी मात्र मधोमध तीन ठिकाणी तडकली होती आणि दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट पडली होती. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच माती भिंतीत घातली तर भिंतीला त्याच भेगा पडतात, आणि पायाखाली असली तर पावसाळ्यात फुगून जोते उचलते. म्हणून काळ्या रानातल्या गावकऱ्याने एकट्या काळ्या मातीवर विसंबू नये. तिच्यात वाळू, बारीक मुरूम, भुसा मिसळून, पुन्हा पेटीत भरून, पुन्हा पाहावे. बसते तोवर पाहावे.

येथे जमलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवा. वाळू क्षणात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहते. मुलांच्या हाती पट्टी द्या आणि थर मोजावयास सांगा. भूगोल आणि गणित यांचा एक तास त्यात सहज निघतो.

दुसऱ्या दिवसापासून गारा तुडवणे सुरू झाले. आदल्या संध्याकाळी माती भिजत घालावयाची, पहाटे तिच्यात भाताचे काड घालून पायांनी तुडवावयाची, दुपारपर्यंत भिंतीवर थर चढवावयाचा आणि उन्हे उतरल्यावर भिंतीच्या कडा तासावयाच्या. शिबिर निवासी का असावे, याचे उत्तर या वेळापत्रकातच आहे. सकाळी दहाला येऊन पाचला जाणाऱ्या माणसाला भिजलेली माती दिसते आणि उभी भिंत दिसते. रात्रीतून तिचे काय झाले, पहाटे ती हाताला कशी लागली, कालचा थर आज आणखी थर पेलेल की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. वाळणे हे मातीच्या कामातील अर्धे काम आहे, आणि ते सुट्टीच्या वेळात चालते.

हे मला कळले ते माझ्या चुकीमुळे. तिसऱ्या दिवशी मला आणि एका प्राध्यापकांना भिंतीचा एक तुकडा नेमून दिला होता. दिवसात फूटभर, फार तर दीड फूट चढवा, असे बजावले होते. आम्हां दोघांना हुरूप आला. शेजारच्या गटाला मागे टाकण्याच्या ईर्षेने आम्ही दुपारच्या जेवणानंतर दुसराही थर चढवला. सायंकाळी भिंत देखणी दिसत होती. पहाटे पाहिले तो तिचे पोट सुटले होते. खालचा थर ओला असताना वरचे वजन आल्याने तो बाहेर फुगला होता, आणि न्याहारी होईपर्यंत तीन हात लांबीचा तुकडा आमच्या पायांशी बसला. कोणी हसले नाही. शिबिरातील एका वडार गवंड्याने, म्हणजे तुमच्याकडच्या भाषेत गौंडीने, तोच चिखल फावड्याने गोळा केला, पाणी शिंपडले आणि म्हणाला, "चला, परत तुडवा. हिचे काही वाया गेलेले नाही." सिमेंटची चूक मोडून फेकावी लागते. मातीची चूक भिजवून पुन्हा वापरता येते. शिकणाऱ्यासाठी याहून दयाळू वस्तू मला दुसरी माहीत नाही.

गिलाव्याच्या दिवशी जवळच्या खेड्यातील एक आजी आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि मराठी येत नव्हती. कानडीतून त्या बोलत आणि कोणीतरी आम्हांस सांगे. त्यांचे प्रमाण टोपल्यांत नव्हते. त्या चिखलात हात बुडवून वर काढत आणि बोटांकडे पाहत. हाताला धरून राहिला तर वाळू हवी, नुसताच गळून गेला तर माती हवी. पहिला हात भुशाचा जाड, दुसरा बारीक माती, वाळू आणि शेण यांचा. भिंत आधी पाण्याने भिजवल्याशिवाय त्या हात लावू देईनात. सारवण हे बायकांचे हलके काम, असे आपण समजत आलो. पण घराचे आयुष्य ज्या सर्वांत वरच्या थरावर अवलंबून असते, त्याचे सारे शास्त्र या बायकांच्या तळहातांत आहे, आणि ते कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या आजींच्या सुनेच्या घराला फरशी आहे. सून सारवत नाही, यात तिचा दोष नाही. मात्र आजींच्या नंतर त्या गावात हे कोणाला येईल, या प्रश्नाला शिबिरात कोणापाशीच उत्तर नव्हते.

शिकलेल्या माणसाने अशा हातांकडून शिकावे, हेही नवे नाही. इजिप्तमधील वास्तुविशारद हसन फातही यांना कच्च्या विटांची घुमटी छपरे आधाराच्या लाकडाशिवाय उभारावयाची होती. त्यांचे पहिले प्रयत्न कोसळले. मग १९४१ साली ते अस्वानकडे गेले आणि तेथील न्युबियन गवंड्यांकडून ती हातोटी त्यांनी घेतली. पुढे त्यांनी न्यू गुर्ना हे मातीचे सुंदर गाव वसवले. मात्र ज्यांच्यासाठी ते बांधले, त्या गावकऱ्यांतील बहुतेकांनी तेथे जाण्याचे नाकारले, ही गोष्टही आपल्यासारख्या योजना आखणाऱ्यांनी विसरू नये. आपल्या देशात लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर जवळच्या साहित्याचा आग्रह धरला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला, आणि हाताच्या यंत्राने दाबलेल्या, शेकडा पाच-सात भाग सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा त्याने प्रचारात आणल्या. त्या विटांना भट्टी लागत नाही. आणि सेवाग्रामची बापू कुटी तर आपल्या शाळांच्या सहलीत असतेच. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहावयास गेले. ही कुटी मूळची मीराबेन यांची. तिच्या मातीच्या भिंतीवर त्यांनी मातीनेच ताडाची झाडे उठवली आहेत. ८५ वर्षांहून अधिक काळ ती विदर्भाचा उन्हाळा आणि पावसाळा सोसत आहे, कारण दरवर्षी तिची डागडुजी होते.

आता शिबिरातील सर्वांत अवघड तासाविषयी सांगतो. सातव्या दिवशी रात्री जेवणानंतर सारे बसले होते. नवलगुंदकडचा एक शेतकरी आठवडाभर फारसा बोलला नव्हता. तो म्हणाला, "२०१९ च्या ऑगस्टात बेण्णीहळ्ळ्याचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. दोन दिवस गुडघाभर पाणी होते. तिसऱ्या दिवशी माझी भिंत बसली. सिमेंटच्या घरवाल्याचे काही गेले नाही. तुम्ही शहरातले लोक हौसेने मातीत राहाल. मी मुलाबाळांना पुन्हा त्या भिंतीखाली कसा झोपवू?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या वर्षीचा पूर सांगली-कोल्हापूरकडे मीही पाहिला आहे. ओल्या मातीच्या ढिगांवर बसलेली माणसे पाहिली आहेत. अशा माणसाला मातीचे गुणगान ऐकवणे हा निर्दयपणा झाला असता.

शिबिरप्रमुखांनी त्याला उलट प्रश्न केला : "भिंत वरून बसली की खालून?" तो म्हणाला, खालून. "जोते केवढे होते?" वीतभर. "भिंतीला गिलावा कशाचा होता?" येथे तो थांबला. चार वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा केला होता, पक्के दिसावे म्हणून.

मग उलगडा झाला. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीला धरत नाही. तो तडकतो, तडकीतून पाणी आत जाते, आणि आत गेलेली ओल त्या टणक कवचामुळे बाहेर पडू शकत नाही. बाहेरून पक्की दिसणारी ती भिंत चार पावसाळे आतून ओली होत होती. पूर आला आणि तिचा पाय विरघळला. तरीही शिबिरप्रमुखांनी त्याला स्पष्ट सांगितले की, जेथे पाणी दिवसचे दिवस साचून राहते, तेथे कोणत्याही गिलाव्याची साधी मातीची भिंत टिकणार नाही. तेथे पुराच्या पातळीच्या वरपर्यंत दगडाचे किंवा भाजक्या विटेचे बांधकाम हवे, त्यावर वाटल्यास मातीचे करा. आणि गल्लीच नाल्याच्या पोटात असेल तर आधी घराची जागा बदला. मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. मातीची शिफारस करणाऱ्याने माती कोठे नको, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

पुराची गोष्ट सोडली तर मातीच्या भिंतीच्या मागण्या थोड्या आहेत. पायांत वहाण आणि डोक्यावर इरले. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात शेकडो वर्षांची मातीची घरे नांदती आहेत, आणि तेथे भरपूर पाऊस पडतो. तेथील लोकही भिंतीच्या बाबतीत असेच काहीसे म्हणतात, हे वाचून मला गंमत वाटली. वहाण म्हणजे दगडाचे जोते. ते निदान दीड-दोन फूट उंच असावे, म्हणजे जमिनीवर आपटून उडणारे पावसाचे पाणी भिंतीला लागत नाही. इरले म्हणजे पुढे आलेली वळचण. आपल्या वाडवडिलांच्या घरांना पडवी आणि ओटा का होता, हे यावरून ध्यानात येईल. आपण पत्रे घातले आणि पैसे वाचवण्यासाठी वळचण आखूड केली, मग भिंत झिजू लागली की मातीला दोष देऊ लागलो.

खर्चाविषयी लोक हमखास विचारतात. माती फुकट असते, मजुरी फुकट नसते. मातीचे काम हे हातांचे काम आहे आणि आजच्या रोजंदारीत ते स्वस्त पडेलच असे नाही. पूर्वी ते परवडे, कारण गाव एकत्र येई. आपल्याकडे इर्जिक होती, सावड होती, या कानडी मुलखात मुय्यी होती. आज तुमच्या भिंतीवर मी, उद्या माझ्या भिंतीवर तुम्ही. निवासी शिबिर हे मला त्या इर्जिकीचेच नवे रूप वाटले. मात्र एक गोष्ट मला खुपली. आमच्या शिबिरातील वीस जणांत अर्ध्याहून अधिक वास्तुविशारद, अभियंते आणि शहरांतील हौशी मंडळी होती. ज्यांच्या गावात अजून मातीच्या भिंती उभ्या आहेत, असे चौघेच होते. आठ दिवसांची रोजंदारी बुडवून आणि शुल्क भरून कोणता शेतमजूर येईल?

माझ्या खात्यातील आणि इतर खात्यांतील सहकाऱ्यांपुढे म्हणूनच मी एक विचार ठेवतो. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यात ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे, आणि प्रत्यक्ष घर बांधता बांधता ते दिले जाते. म्हणजे हातांनी शिकण्याची पद्धत शासनाला मान्यच आहे. याच योजनेच्या निमित्ताने केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' या नावाने घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला, आणि त्यात प्रदेशानुसार स्थानिक साहित्याची घरे दाखवली आहेत. महाराष्ट्रातील नमुनेही त्यात आहेत. कागद तयार आहे, योजना तयार आहे. उणीव आहे ती त्या ४५ दिवसांतले आठ-दहा दिवस मातीसाठी काढून ठेवण्याची, आणि शिकवण्यासाठी त्या आजींसारख्या, त्या वडार गवंड्यासारख्या माणसांना मानधन देऊन बोलावण्याची. प्रमाणपत्र शिकणाऱ्याला मिळते. त्या आजींनाही एक मिळावे, असे मला वाटते. त्यांचा अंगठा त्यावर चालेल.

नवलगुंदच्या त्या शेतकऱ्याने शेवटच्या दिवशी काय ठरवले, हे आपण विचाराल. घर तो मातीचे बांधणार नाही. पण गावठाणाच्या उंच भागात त्याचा जनावरांचा गोठा आहे. त्याची पडकी भिंत तो दगडी जोत्यावर स्वतः उभारणार होता, आणि त्यासाठी त्याने पेटी मागून नेली. माती पेटीत भरली, तडकली, वाळू वाढवली, असे त्याने मला दूरध्वनीवर कळवले. तिसऱ्या खेपेला ती बसली.

आता प्रश्नोत्तरांपूर्वी आपण पुढे यावे. या गोळ्या मी परवा सकाळी वळल्या, आज त्यांना ४८ तास होऊन गेले आहेत. आधी तांबडी घ्या, मग काळी. अंगठा आणि तर्जनी, एवढीच बोटे वापरावयाची. मागच्या रांगेतील भगिनींनी प्रथम यावे.